श्रोत्याचा सवाल

कथा म्हणजे आरंभ, मध्य व शेवट असा एकच सरळ रस्ता, अशी आपली समजूत असते. परंतु शिरूर-दौंडकडील जत्रेंत ज्यानें तमाशाचा वग पाहिला आहे, त्यास या रस्त्याचीं वळणें ठाऊक आहेत. वगाचें कथानक ठरलेलें असतें. संवाद मात्र पुष्कळदां नट उभ्याउभ्याच रचतात. प्रेक्षकांतून शेरा आला, कीं सोंगाड्या तो झेलतो आणि गोष्ट राजाच्या दरबारांतून एकदम घोडच्या कालव्याच्या आवर्तनावर येते! वसंत सबनीसांच्या १९६५ मधील 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यांत दादा कोंडके यांनीं हीच हजरजबाबी कला शहरी रंगभूमीवर गाजविली.

पुढें १९६७ सालीं माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनांत चेकोस्लोव्हाकियाचा 'किनोऑटोमॅट' हा चित्रपट दाखविला गेला. तो मध्येंच थांबे आणि प्रेक्षक बटण दाबून पुढील वाट बहुमतानें ठरवीत. परंतु कोणतीही वाट धरली, तरी शेवटीं आग लागावयाची ती लागेच!

येथेंच भेद दिसतो. बटण दाबणाऱ्यास अगोदर तयार असलेल्या दोन उत्तरांतून एक मिळतें. सोंगाड्यास विचारणाऱ्यास स्वतःच्याच प्रश्नाचें उत्तर मिळतें. आज पडद्यावरील कथांत अशीं बटणें पुन्हां आलीं आहेत, आणि जत्रेंतील वग मात्र गाण्यांच्या फर्माइशीपुढें आखडत चालला आहे. म्हणून विनंति इतकीच, कीं गाणीं संपतांच उठूं नका. वग सुरू होऊं द्या आणि एक खडा सवाल टाकून पाहा. अशा बटणांपुढें आपणांस निवडतां येतें. बोलतां येत नाहीं.