मला गाडी लागते
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'माझा लेखनप्रवास' असा विषय दिलाय. नोकरी सांभाळून, पहाटे उठून दोन कादंबऱ्या लिहिल्या, एवढाच तो प्रवास. त्यापेक्षा एका कथेबद्दल बोलते, कारण ती आपल्या वर्गातली आहे.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकानं कथा मागितली. मर्यादा ३००० शब्दांची. म्हटलं, कादंबऱ्या लिहिल्यात, कथेचं काय एवढं! महिन्याभरानं मोजले तर ९००० शब्द झाले होते आणि सहल अजून निघालीच नव्हती.

सहल म्हणजे आपली आठवीची, पन्हाळा-कोल्हापूरची. वर्गणी ८० रुपये. आपल्यातली एक मुलगी आली नाही. बाईंनी कारण विचारलं तेव्हा उभी राहून म्हणाली, "मला गाडी लागते."

कादंबरी लिहिणाऱ्याला खोड असते. पात्रानं नुसतं दार उघडलं तरी त्या दाराचं लाकूड कुठल्या रानातलं, तेही सांगावंसं वाटतं. तिचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. त्यानंतर आपल्या सातारा भागात किती बिऱ्हाडं परत आली, हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको. त्यावर मी चार पानं लिहिली होती. वाईट नव्हती, अजूनही म्हणते.

ऑफिसात मी नको असलेला कोड बिनदिक्कत उडवते, कारण जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते. इथंही 'उरलेलं' नावाची फाइल केली आणि कापायला बसले. आधी आजी गेली, मग परळची चाळ, मग शेवट. वीस वर्षांनी दोघी मैत्रिणी बँकेत भेटतात आणि ती मॅनेजर झालेली असते, असा गोड शेवट होता. संपाची पानं मात्र तीन खर्डे टिकली.

ती काढली आणि कथा वाचताना दचकले. संप होता तोवर ८० रुपये नसण्याचा दोष गिरणीमालकांचा होता, सरकारचा होता. तो गेल्यावर वर्गात फक्त आपण उरलो. सवलतीच्या पासावर रोज एसटीनं शाळेत येणारी मुलगी गाडी लागते म्हणते, आणि कुणी चकार शब्द काढत नाही. पहिल्या खर्ड्यातली 'मी' पैसे गोळा करते, ती स्वाभिमानानं नको म्हणते, वगैरे. तसलं काही घडलं नव्हतं. माझ्या कंपासपेटीत खाऊचे ४० रुपये होते. त्यांच्या मी अंबाबाईच्या देवळाबाहेर बांगड्या घेतल्या.

कापलं की कथा सुधारतेच, असं मात्र समजू नका. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचा १९८१ चा संग्रह त्याच्या संपादकानं, गॉर्डन लिशनं, निम्म्याहून जास्त कापला होता. छपाई थांबवा, अशी विनवणी कार्व्हरनं पत्रातून केली होती. मूळ कथा त्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये 'बिगिनर्स' या नावानं पुस्तकरूपात आल्या. मला त्यातल्या काही मूळ रूपातच जास्त आवडतात. माझंही नुसत्या कात्रीनं भागलं नाही. जागा मोकळी झाल्यावर पाचव्या खर्ड्यात एक गोष्ट आठवली, जी पहिल्या चारांत नव्हतीच.

सहलीच्या दिवशी पहाटे ती फाटकापाशी आली होती, पहिल्या एसटीनं. हातात पिशवी आणि पिशवीत लिंबं. खिडकीखिडकीशी जाऊन एकेक देत होती. "घाटात मळमळलं तर हुंग."

कथा तिथंच संपवली. २८०० शब्द भरले. माझं लिंबू मी दप्तरात विसरले आणि ते तिथंच वाळलं, ही ओळ घालू की नको यावर आठवडा गेला. शेवटी काढली. ती आज इथं सांगितली.

कथेत नाव बदललंय, पण तुम्ही ओळखलं असेल. आठवीनंतर तिची शाळा सुटली. स्मरणिकेच्या मागच्या यादीत आपल्या तुकडीतल्या दहावी झालेल्यांचीच नावं आहेत, मी दोनदा पाहिली. तिचं लग्नानंतरचं गाव कुणाला ठाऊक असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. दिवाळी अंकाची एक प्रत मी बरोबर आणली आहे.