पीक राखणीची ठासणीची बंदूक : परवाना, वापर आणि जबाबदारी

(पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भाजीपाला उत्पादकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत ती मंडईची वास्तू १८८६ साली उभी राहिली. तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. आजच्या विषयाचा धागाही जोतीरावांपर्यंत जातो. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी डुकरांच्या उपद्रवाची गोष्ट काढली आहे. शेतकऱ्याच्या हाती जुनी तोड्याची बंदूकही देण्याची सरकारला भीती वाटत असेल, तर राखणीचे काम पोलिसांकडे द्यावे आणि नुकसान झाले तर ते भरून द्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्याआधी पाचच वर्षे, १८७८ साली, इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला होता.

प्रश्न आजही तोच आहे. भोर, मुळशी, आंबेगाव, जुन्नर या डोंगरकडेच्या तालुक्यांत भुईमूग, मका, रताळी, बटाटा काढणीला आला की रानडुकरांचा कळप येतो. एका रात्रीत ते जेवढे खातात त्याच्या कितीतरी पट उकरून आणि तुडवून ठेवतात. मग शेतकरी विचारतो, "साहेब, बंदूक मिळेल का?" मिळते, पण ती कोणती, कशी, आणि तिने काय करता येते व काय येत नाही, हे आधी समजून घ्यावे.

ठासणीची बंदूक म्हणजे काय?

जी बंदूक नळीच्या तोंडातून भरतात ती ठासणीची. आधी दारू, त्यावर बूच, मग छर्रे, पुन्हा बूच, आणि हे सर्व गजाने ठासायचे. जुन्या काळी ही दारू जळत्या तोड्याने पेटवत, नंतर चकमकीने. एकोणिसाव्या शतकात टोपी आली. टोपीला आपल्याकडे केपही म्हणतात. घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. यात वापरतात ती काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण.

नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आत पीळदार खाचा असतील तर ती रायफल. इटली, अमेरिका येथे जुन्या ठासणीच्या रायफलींच्या हुबेहूब प्रतिकृती आजही बनतात आणि हौशी लोक त्यांनी नेमबाजी करतात. अमेरिकेत अशा नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे. तेथील केंद्रीय कायदा अशा बहुतेक हत्यारांना साध्या बंदुकीचे नियमही लावत नाही. ते वाचून कोणी येथे तसे करू नये. आपल्याकडे ठासणीची बंदूक, मग ती जुनी असो वा नवी प्रतिकृती, चालू स्थितीत असेल तर तिला परवाना लागतोच. पीक राखणीसाठी विचार करायचा तो गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा.

परवाना कसा मिळतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याच्या उपयोगाची तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. मात्र तिची नळी किमान २० इंच हवी.

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे करावा. सोबत सातबारा, आठ-अ, रहिवासाचा पुरावा आणि वैद्यकीय दाखला जोडावा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. पूर्वी झालेल्या नुकसानीचे पंचनामे असतील तर त्यांच्या प्रती जरूर जोडाव्यात. 'खरेखुरे पीक संरक्षण' हे त्यावरूनच सिद्ध होते.

अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी. वन्यजीव अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार तेथील परवानाधारकाला वन खात्याकडे नोंद करावी लागते, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. भीमाशंकर, ताम्हिणी आणि मयूरेश्वर-सुपे या अभयारण्यांजवळच्या गावांनी हे ध्यानात ठेवावे.

परवाना हाती आल्यावरच, परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घ्यावी आणि तिची नोंद परवान्यावर करून घ्यावी. खेड्यात चोरून बनवलेली बंदूक स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. शिवाय अशा बंदुकीची नळी कोणत्या लोखंडाची आहे, हे ती फुटल्यावरच कळते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. नूतनीकरण मुदतीपूर्वी करावे.

वडिलांच्या नावाची बंदूक त्यांच्या पश्चात आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. परवान्यावर ज्याचे नाव नाही अशा सालगड्याच्या किंवा भाच्याच्या हाती बंदूक देऊन त्याला राखणीला पाठवू नये.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

ही बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बंदूक बाळगण्याची परवानगी शस्त्र कायद्याने मिळते. जनावर मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि ते दुसऱ्या अनुसूचीत गेले. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली अधिकृत अधिकारी देऊ शकतो. त्यासाठी वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्यावी. परवानगीत जे लिहिले असेल तेवढेच करावे. हरिण, मोर, बिबट्या यांच्यावर बंदूक रोखण्याचा विचारही करू नये.

भरताना व उडवताना घ्यायची काळजी

काडतुसाच्या बंदुकीत माप कारखान्यात ठरते. ठासणीच्या बंदुकीत ते तुमच्या हातात असते, म्हणून चूकही तुमच्याच हातून होते. पुढील गोष्टी पाठ कराव्यात.

१. फक्त परवानाधारक विक्रेत्याकडील काळी दारू वापरावी. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू कधीही भरू नये; तिचा दाब नळीला सोसत नाही. घरी दारू तयार करणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही.

२. दारू मापाने घ्यावी. डब्यातून थेट नळीत ओतू नये. आत मागच्या बाराची ठिणगी राहिली असेल तर सगळा डबा हातात पेटतो.

३. एक बार झाल्यावर थोडे थांबावे, ओलसर चिंधी गजाला लावून नळी पुसावी आणि मगच पुन्हा भरावे.

४. भरताना तोंड व छाती नळीच्या तोंडावर आणू नये. गज बोटांनी धरावा, वर तळहात ठेवून दाबू नये.

५. बूच व छर्रे दारूवर घट्ट टेकले पाहिजेत. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते.

६. गजावर दोन खुणा कराव्यात : एक नळी रिकामी असतानाची, दुसरी योग्य भरल्यावरची. गज आत घालताच बंदूक भरलेली आहे की नाही, आणि चुकून दोनदा तर भरली नाही ना, हे कळते.

७. टोपी सर्वात शेवटी, उडवायच्या वेळीच बसवावी. टोपी चढवलेली बंदूक घेऊन बांध ओलांडू नये.

८. घोडा पडूनही बार झाला नाही तर बंदूक तशीच सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. दारू उशिरा पेटू शकते. नळीत डोकावू नये.

९. उसात किंवा मक्यात सळसळ ऐकून बार करू नये. समोर शेजारचा पाणी देणारा माणूस असू शकतो. जनावर स्पष्ट दिसले पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसले पाहिजे. खडकाळ रानात छर्रे उसळतात, हेही विसरू नये.

१०. काळ्या दारूची काजळी हवेतील ओल ओढते आणि पावसाळ्यात एका रात्रीत नळी गंजते. त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावावे. भरलेली बंदूक घरात टांगू नये. बंदूक, दारू आणि टोप्या वेगवेगळ्या जागी, कुलपात, मुलांपासून आणि चुलीपासून दूर ठेवाव्यात.

बंदुकीवरच विसंबू नका

ठासणीची बंदूक एका वेळी एकच बार देते. पुन्हा भरेपर्यंत कळप शेजारच्या वावरात गेलेला असतो आणि तासाभराने परत येतो. रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिले देते. एक-दोन जनावरे मारून कळप संपत नाही. म्हणून बंदूक हा शेवटचा उपाय समजावा. आधी एकत्र राखण, माळा, बांधाला काटेरी करडईची दाट ओळ, चर आणि सौर कुंपण हे उपाय करावेत. दहा शेतकऱ्यांनी मिळून शिवाराच्या कडेला कुंपण घातले तर खर्च वाटला जातो आणि डुकरे एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात हाकलली जात नाहीत.

खांबावरची वीज थेट तारेत सोडू नये. अशा तारांना चिकटून शेतकरीच मेल्याच्या घटना घडल्या आहेत. पिठाच्या गोळ्यातले गावठी बॉम्बही ठेवू नयेत. त्याने गाईचा जबडाही फुटतो.

नुकसान झाले तर शेत नांगरण्यापूर्वी, पहिल्या दोन-तीन दिवसांतच वन खात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. नुकसान भरून द्या असे जोतीरावांनी १८८३ साली म्हटले होते. आज त्यासाठी शासनाची योजना आहे. ती कागद करणाऱ्यालाच मिळते. ज्यांना परवान्यासाठी अर्ज करायचा आहे, त्यांनी सुरुवात याच पंचनाम्यापासून करावी.