दाढेचा उपचार आणि नंतरचा ठणका
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात मालवण येथे दिलेले भाषण)



दातांच्या आरोग्यावर चार शब्द बोलावे, असे मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस सुचविले. मशेरी सोडा, रात्री दात घासा, हे तुम्ही पुष्कळदा ऐकले आहे. ते आज पुन्हा सांगत नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका लहानशा, परंतु रोज अनुभवास येणाऱ्या अडचणीविषयी. दाढेचा रूट कॅनाल सुरू होतो, पहिल्या बैठकीनंतर रात्री ठणका लागतो, आणि मनुष्य पुन्हा दंतवैद्याकडे फिरकत नाही. चतुर्थीस आलेले आमचे चाकरमानी बांधव तर अर्धा उपचार येथे टाकून कुडाळला मुंबईची गाडी धरतात. वर तात्पुरते भरलेले सिमेंट झिजते, आत लाळ शिरते, दाढ पुन्हा नासते. मग पुढल्या शिमग्याला येऊन म्हणतात, "डॉक्टरानू, काढून टाका एकदाची!" अशा कितीतरी दाढा आम्ही जड अंतःकरणाने उपटल्या आहेत. वाचण्याजोगी दाढ केवळ भीतीपायी गेली, ह्याचे वाईट वाटते.

हा ठणका का लागतो? दाढेच्या मुळांतून केसासारख्या बारीक नळ्या जातात. खालच्या दाढेस त्या बहुधा तीन, कधी चार असतात. कीड खोल गेली म्हणजे ह्या नळ्यांतील गर कुजतो व तेथे जंतू माजतात. तो गर काढून नळी कानशीने घासावयाची, औषधी पाण्याने धुवावयाची आणि भरून बंद करावयाची, एवढाच हा उपचार. ह्या कानशीस 'फाइल' म्हणतात. परंतु घासताना निघालेला कीस आणि कुजका गर मुळाच्या टोकाबाहेर ढकलला गेला, तर तो जबड्याच्या हाडात जाऊन बसतो. शरीर त्याच्याशी झगडते, तेथे सूज येते; सभोवार हाड असल्याने सुजेस पसरावयास जागा नसते, म्हणून चावताना दाढ उंच झाल्यासारखी लागते व रात्री ठणकते.

विहीर उपसणे तुम्हांस ठाऊक आहे. जाणता गडी वरून थराथराने गाळ काढीत खाली जातो. अडाणी मनुष्य एकदम तळाशी बांबू ठासू लागला, तर चिखल झऱ्यांच्या तोंडात जातो. नळी घासण्याच्या पद्धतींतील मुख्य भेद हाच. जुन्या पद्धतीत कानस आधी थेट तळापर्यंत नेत व वरखाली ओढीत. पुढे वरचा भाग आधी मोकळा करून क्रमाक्रमाने खाली जाण्याची पद्धत रूढ झाली; तीत टोकाबाहेर कमी कीस जातो, असे काढलेल्या दातांवरील प्रयोगांत दिसून आले. आम्ही स्वतः जुन्याच पद्धतीत शिकलो, आणि आमच्या हातूनही अनेकांच्या रात्री जागरणात गेल्या असतील, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

हत्यारांची कथाही मनोरंजक आहे. १८३८ साली अमेरिकेतील एडवर्ड मेनर्ड ह्या दंतवैद्याने घड्याळाच्या कमानीपासून नळी साफ करण्याचे हत्यार बनविले. पुढे दीर्घकाळ पोलादाच्या कानशी चालल्या. त्या जाड होत जातील तशा ताठ होतात, वाकड्या नळीत सरळ जाऊ पाहतात व भिंत खरवडतात. १९८८ साली वालिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल आणि टायटॅनियम ह्यांच्या मिश्रधातूची कानस करून दाखविली. ती वेताप्रमाणे लवते, म्हणून यंत्रावर फिरविता येते. आणि फिरताना कीस मळसूत्राप्रमाणे वर आणते. हाताने घासलेल्या दाढांपेक्षा यंत्राने घासलेल्या दाढांत नंतरची वेदना काहीशी कमी आढळते, असा अनेक अभ्यासांचा कल आहे. एकाच दिशेने फिरणारे यंत्र बरे की पुढेमागे हेलकावणारे, ह्यावर मात तज्ज्ञांचे एकमत नाही. दवाखान्याच्या पाटीवरील यंत्राचे नाव वाचून भुलू नये. मुळाची लांबी नीट मोजून टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबणारा हात यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. आता ती लांबी क्ष-किरण चित्राबरोबर विजेच्या मापकानेही मोजता येते.

ठणक्याचे सर्व खापर दंतवैद्याच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. जो कळ सोसूनच येतो, त्याला नंतरही कळ लागण्याचा संभव अधिक. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात उपचारापूर्वी शंभरांतील ८१ जणांस वेदना होती. चोवीस तासांनी ती ४० जणांस व आठवड्यानंतर ११ जणांस उरली. म्हणजे पहिला दिवस कठीण, पुढे उतार. त्या दिवशी त्या बाजूने चावू नये. आयबुप्रोफेनसारखी गोळी उपयोगी पडते. मात्र पोटात व्रण, दमा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ती घेऊ नये. जंतुनाशक गोळ्यांनी हा ठणका थांबत नाही. औषधांच्या दुकानातून त्या आपल्या मनाने आणून खाण्याची खोड आमच्या भागात फार आहे. गालावर तंबाखूची गोळी धरून ठेवणे हाही उपाय नव्हे. परंतु गालास सूज चढू लागली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना अडू लागले, तर मात्र तास मोजीत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चाकरमानी बांधवांस एक विनंती. सुट्टी थोडी असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. पुष्कळ दाढांचा उपचार एका बैठकीतही पुरा करता येतो, मात्र मग पहिल्या आठवड्यात दुखणे थोडे अधिक संभवते. ते जमत नसेल, तर निघण्यापूर्वी दंतवैद्याकडून चिठ्ठी मागून घ्या. किती नळ्या सापडल्या, प्रत्येकीची लांबी किती मिलिमीटर, आत कोणते औषध ठेवले, एवढे तीवर लिहिलेले असावे, आणि सोबत क्ष-किरण चित्र. मुंबईतील दंतवैद्य तेथूनच पुढे काम सुरू करील. ही चिठ्ठी देण्यास आम्ही व्यावसायिकांनीही कुरकुर करता कामा नये. सभा संपल्यावर कोणास काही विचारावयाचे असल्यास आम्ही मंडपातच आहोत.