मास्तर शाळेत केव्हा असतो?

(वरसे, तालुका रोहा, येथील गावकऱ्यांच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



मी आज बोलावयास उभा आहे तो एका तक्रारीवरून, आणि ती तक्रार माझ्याच विरुद्ध आहे. मागच्या बैठकीत एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “मास्तरांचा पगार महिन्याचे महिन्याला होतो, पण मास्तर शाळेत केव्हा असतो हे कोणी सांगेल काय?” मंडळी हसली. मीही हसलो. पण घरी गेल्यावर मला झोप लागेना, कारण प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर माझ्याशिवाय दुसरे कोण देणार? माझ्या शाळेचे नाव मी घेणार नाही, कचेरीचेही घेणार नाही. नावे घेतली की गोष्ट माणसांच्या भांडणावर जाते आणि मुलांचे जिथल्या तिथे राहते.

माझी शाळा डोंगराच्या अंगाला एका वाडीवर आहे. इयत्ता पाच, मुले अडतीस, मास्तर दोन. मुले कुणब्यांची, धनगरांची, कातकऱ्यांची. एक घर सुताराचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन मास्तर असे लिहिले आहे, तेव्हा कागदावर आमचा हिशेब बरोबर आहे. पण पाच इयत्ता दोघांत वाटल्या म्हणजे काय होते ते पाहा. पहिलीला अक्षर दाखवावे तो दुसरीची बेरीज अडते, बेरीज सोडवावी तो तिसरीचे पोर पाटीवर बैल काढीत बसते. त्यातून एक मास्तर बाहेर गेला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. दोघेही गेले की कुलूप.

आता हे मास्तर जातात कुठे? शाळेतल्या शाळेतही ते जातात, हे आधी ऐका. सकाळी तांदूळ मोजावयाचा, पोरामागे शंभर ग्रॅम, डाळ वीस ग्रॅम. शिजलेले चाखावयाचे, किती पोरे जेवली ते फोनवर भरावयाचे. जेवण मुलांना मिळते ही फार चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. उपाशी पोराच्या डोक्यात गणित शिरत नाही हे मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. पण तो हिशेब ठेवावयास स्वतंत्र कारकून नाही. पुढे मुलांच्या आधारकार्डावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही ते जुळवा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरा, बँकेत खाती उघडा, गणवेशाची मापे घ्या, झाडे लावल्याचे छायाचित्र पाठवा. तीच माहिती तीन जणांनी तीन नमुन्यांत मागावयाची, आणि प्रत्येकाला ती आजच संध्याकाळी हवी. माझ्या वाडीवर फोनला रेंज नाही. शाळेच्या मागे एक टेकाड आहे, त्यावर उभे राहिले की मिळते. वर्गात फळ्यावर गणित घालून मास्तर टेकाडावर चढतो, हे दृश्य वाडीतल्या बायांनी रोज पाहिलेले आहे. एकीने तर विचारले, “गुरुजी, वर देवबीव आहे का?”

शाळेबाहेरचे काम याहून निराळे. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका यांखेरीज कोणत्याही बिगरशैक्षणिक कामाला मास्तराला लावू नये. निवडणुकीच्या कामाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या डिसेंबरात सांगितले की ते सुट्टीच्या आणि शिकवण्याचे नसलेल्या दिवशी घ्यावे. तरी २०२४ च्या जानेवारीअखेर राज्यभर घरोघर जे सर्वेक्षण झाले त्यात मास्तर फिरत होतेच. ते काम अनावश्यक होते असे मी म्हणत नाही. समाजाची स्थिती मोजल्याखेरीज न्याय कसा मागणार? मी एवढेच म्हणतो की त्या दिवसांत वर्गात कोण होते, हे कोणी मोजले नाही. त्याच वर्षी शासनाने कोणते काम शैक्षणिक आणि कोणते अशैक्षणिक याचे वर्गीकरण करणारा निर्णय काढला. वाचून आम्हाला आधी हायसे वाटले. मग पुन्हा वाचले, तेव्हा पुष्कळशी जुनी कामेच शैक्षणिक या नावाच्या गोठ्यात बांधलेली दिसली.

पण मला आज विशेष बोलावयाचे आहे ते प्रशिक्षणाबद्दल. कारण इतर कामांत आमचा वेळ जातो हे उघड दिसते. प्रशिक्षणात तो जातो तो शिक्षणाच्या नावाने जातो, म्हणून कोणी ब्र काढीत नाही.

मागे पावसाळा संपता संपता रात्री साडेनऊला फोनवर निरोप आला: उद्या दहा वाजता दोघांनीही हजर राहावे, कसूर केल्यास कारवाई. पालकांना कळवावे कसे? सकाळी वाडीतल्या एका पोराला सांगून आम्ही निघालो. तिथे पोचलो तो सभागृहाला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो दुसऱ्या कामावर. साडेअकराला दार उघडले. यादी काढली तर माझे नाव त्या यादीत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रशिक्षणाची यादी होती, तिच्यात ते होते, आणि ते प्रशिक्षण होते दुसऱ्या गावी! शेवटी, “आला आहात तर बसा,” असे ठरले. शिकवावयास जे आले तेही आमच्यासारखेच मास्तर. त्यांना वरच्यांनी दोन दिवसांचा विषय तीन तासांत सांगितलेला. बिचाऱ्यांनी पडद्यावरचे वाचून दाखवले. मग वीज गेली, तेव्हा हातातल्या कागदावरचे वाचून दाखवले. मी उठून विचारले की एका खोलीत तीन इयत्ता बसवून वाचन कसे घ्यावे आणि ज्या पोराच्या घरी कातकरी बोली बोलतात त्याला पुस्तकातल्या मराठीवर कसे आणावे, हे सांगाल काय? उत्तर मिळाले, “तो विषय या प्रशिक्षणात नाही.” सकाळी एक सही, संध्याकाळी एक सही, फलकापुढे उभे राहून छायाचित्र. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे आठ दिवसांनी त्याच विषयाची फोनवर परीक्षा. ती मी टेकाडावरून दिली आणि उत्तीर्ण झालो.

तुम्ही डोलवहाळच्या बंधाऱ्याचे कालवे पाहिले आहेत. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे शेत त्याला पाणी सोडल्याबरोबर मिळते. शेपटाला ज्याचे शेत त्याला कधी मिळते, किती मिळते, हे त्याचे त्याला ठाऊक. आमचे प्रशिक्षण असेच वाहते. दिल्लीला कोणी विद्वान काही तरी चांगले ठरवतात, ते राज्याच्या ठिकाणी येते, तेथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून आमच्याकडे. २०१९ साली ‘निष्ठा’ नावाचा जो मोठा कार्यक्रम निघाला त्यात देशातले सुमारे ४२ लाख शिक्षक घ्यावयाचे ठरले होते; पुढच्याच वर्षी रोगाची साथ आल्यामुळे तो फोनवर गेला. एवढ्या मोठ्या संख्येला पाणी पाजावयाचे तर पाट काढावे लागणारच, हे मान्य. पण दर वळणावर पाट फुटलेला असेल, तर शेपटाच्या शेतात चिखलसुद्धा होत नाही. फक्त वहीत नोंद होते की पाणी सोडले.

मी प्रशिक्षणाच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक मास्तराने वर्षाला निदान पन्नास तास स्वतः शिकावे असे आहे. पन्नास तास काही फार नव्हेत. मी तर म्हणतो शंभर घ्या, पण शिकवा. एकदा एका वृद्ध बाईंनी आम्हाला अर्धा दिवस शिकवले. पुढे चिंचोक्यांचा ढीग घेऊन त्या जमिनीवरच बसल्या आणि दहा-दहाच्या राशी घालून हातच्याची वजाबाकी अशी दाखवली, की सतरा वर्षे ती शिकवणाऱ्या मला त्या दिवशी ती समजली. फलक नाही, छायाचित्र नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चिंचोके नेले आणि चौथीतली सुताराची पोर, जिला वजाबाकी म्हटले की रडू येई, ती दुपारपर्यंत दुसरीच्या पोरांना शिकवू लागली.

आता कुलपाचे दिवस मुलांना काय पडतात ते सांगतो. दुसरीत एक कातकऱ्याची पोर होती. जूनपासून रोज येई. तिची अक्षरे झाली, काना झाला, वेलांटी झाली, आणि त्या आठवड्यात ती अक्षराला अक्षर जोडू लागली होती. ज्याने पोरांना वाचावयास शिकवले आहे त्याला ही वेळ ओळखू येते. भात निसवावयाला लागते तशी ती असते, तेव्हा पाणी तोडून चालत नाही. नेमके ते दोन दिवस आम्ही दोघेही बाहेर. दोन्ही दिवस ती येऊन कुलूप पाहून गेली, असे शेजारणीने सांगितले. तिसऱ्या दिवशी मी दार उघडले, पण ती आईबरोबर गवत कापावयास गेली होती. नंतर चार दिवस येई, चार दिवस नाही. दिवाळी झाली, वीटभट्टीच्या मुकादमाची उचल घरात आलेली होतीच. गाडी आली आणि सारे कुटुंब गेले. पावसाच्या तोंडावर ती परतली तेव्हा मी तिच्यापुढे पुस्तक उघडले. तिने ते उलटे धरले नाही, एवढेच तिच्या लक्षात राहिले होते.

ते दोन दिवस नसते गेले तर ती वाचू लागली असती, अशी शपथ मी घेऊ शकत नाही. पण ज्याच्या घरी पैसे आहेत त्याचे पोर बुडालेले दोन दिवस शिकवणीत भरून काढते. हिला भरून काढावयास शाळेशिवाय दुसरे काही नव्हते.

महात्मा फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळांच्या मास्तरांबद्दल पुष्कळ लिहिले आहे. मास्तर शिकवण्याच्या कामात तयार झालेला असावा. होईल तितका तो शेतकरी वर्गातला असावा, ज्याला प्रसंगी नांगर किंवा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही. त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावी पंधरा-वीस असावा. आता एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण उद्या कोणी तीच माझ्या तोंडावर मारील. जोतीरावांनी त्याच निवेदनात असेही सुचवले आहे की मास्तरांना गावचे हिशेब तपासण्याचे, दस्त नोंदण्याचे, टपालाचे असे काम जोडून द्यावे. मग मी अधिक कामाविरुद्ध का ओरडतो? त्यांचा हेतू काय होता ते पाहा. त्या काळी गावचा हिशेब एका घराच्या मुठीत होता आणि रयतेला तो वाचता येत नव्हता. तो हिशेब मास्तराने तपासला तर गावात त्याचा मान वाढेल आणि लोकांचे हित होईल, असा तो विचार. ते काम गावासाठी होते. आज मी जे नमुने भरतो त्यांतला एक तरी तुमच्यापैकी कोणी कधी वाचला आहे काय? माझे मलाही ते पुढे कुठे जातात हे ठाऊक नाही.

कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९३५ साली सातारला प्राथमिक शिक्षक तयार करण्याचे विद्यालय काढले. खेड्यात शाळा चालवावयाची तर खेड्यातले पोर धरून आधी त्याला मास्तर बनवले पाहिजे, हे त्यांनी पुरते ओळखले होते. हल्ली आम्हाला परीक्षांनी बनवतात. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून अधिक उरली आहेत अशा जुन्या मास्तरांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची आहे. माझे सोबती संध्याकाळी त्या परीक्षेचा अभ्यास करतात, रात्री नमुने भरतात आणि सकाळी वर्गात जांभया देतात.

दोष आमचाही आहे. प्रशिक्षण मे महिन्यात घ्या म्हटले तर आमच्यातलेच निम्मे सुट्टी बुडते म्हणून बोंब मारतील. कामाच्या दिवशी बोलावले तर वर्गापासून सुटका म्हणून मनातून सुखावणारेही आहेत. मी त्यांना ओळखतो. दोघांपैकी एकालाच बोलवा, असा अर्ज करावयाचे धाडस मी स्वतः इतक्या वर्षांत एकदाच केले, आणि उत्तर आले नाही म्हणून गप्प बसलो.

तुमच्याकडे मात्र एक अधिकार आहे जो माझ्याकडे नाही. त्याच कायद्याने शाळेची व्यवस्थापन समिती नेमली आहे, तिच्यात तीन-चतुर्थांश आईबाप आणि निम्म्या बाया असावयाच्या. सध्या समितीचे काम म्हणजे मी वही पुढे करावयाची आणि तुम्ही अंगठा किंवा सही करावयाची. ते बंद करा. एक साधी वही घाला. मास्तर ज्या दिवशी शाळेत नसेल तो दिवस तिच्यात लिहा, कोणाच्या हुकमाने गेला ते लिहा, त्या दिवशी किती पोरे परत गेली ते लिहा. मी आपल्या कामासाठी गेलो असेन तर तेही लिहा. पहिली ते पाचवीला वर्षाचे दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे असा कायदा आहे; वर्षअखेर वहीतले दिवस मोजा आणि ती वही घेऊन सर्वांनी मिळून कचेरीत जा. मी एकटा गेलो तर तो कामचुकार मास्तर ठरतो. चाळीस आईबाप गेले तर साहेबाला खुर्ची सोडून बाहेर यावे लागते.

अशी एक वही मी माझ्या वाडीसाठी विकत घेतली आहे, अजून कोरी आहे. येत्या सोमवारी आम्हा दोघांनाही पुन्हा बोलावणे आले आहे. तो निरोप माझ्या फोनवर आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी जरूर पाहावा.