अवधान मागणारे सूर



जुन्या पाश्चात्त्य संगीताचं संमेलन उरणमध्ये कशासाठी, असा प्रश्न काहींना पडला असेल. या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. समोरच्या घारापुरीला एलिफंटा हे नाव त्यांनीच दिलं. त्यांच्या गलबतांतून कोकणात तोफा आल्या, तसं लॅटिन व्याकरण आलं, ऑर्गन आला आणि वक्तृत्वशास्त्रही आलं. आज बोलायचं ते या शेवटच्या पाहुण्याबद्दल.

रोमन शिक्षक क्विंटिलियन याने पहिल्या शतकाच्या अखेरीस वक्त्याचं सगळं शिक्षण ग्रंथात बांधलं. मुद्दे शोधणं, त्यांची मांडणी, शब्दकळा, पाठांतर आणि सादरीकरण ही त्या विद्येची पाच अंगं. युरोपातल्या लॅटिन शाळांत मुलं यावरच वाढली, आणि त्यांतलीच काही पुढे संगीतकार झाली. १६०६ साली रोस्टॉकच्या योआखिम बुर्मायस्टरने संगीतकार लासोची एक रचना घेऊन तिचे भाषणासारखे भाग पाडून दाखवले. १७३९ साली, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच वर्षी, हॅम्बुर्गच्या योहान माथेसनने रचनेचे सहा भाग सांगितले: प्रस्तावना, कथन, प्रतिपादन, पुष्टी, खंडन आणि समारोप.

खंडन? सूर कुणाचं खंडन करणार? कीर्तनाला बसलेल्यांना हे कोडं पडू नये. पूर्वरंगात बुवा स्वतःच शंका काढतात, ती चांगली तापू देतात आणि मग तिचा निकाल लावतात. माथेसनचा संगीतकार विसंवादी स्वर आणतो, अडचण उभी करतो आणि ती सोडवतो. अडचण खरी वाटली नाही, तर सोडवणूकही कुणाला नको असते. आपल्याकडे या रचना वाजवणारे अनेक जण नेमके इथेच घसरतात. विसंवाद इतक्या सभ्यपणे वाजवतात की शंका कुणी काढलीच नाही असं वाटतं.

वक्तृत्वाच्या या विद्येचं आपल्या भाषेतलं ठळक उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! त्यातली मराठीची स्तुती आपण शाळेपासून कौतुकाने ऐकतो. पण ती ग्रंथाच्या आरंभी का आहे? वक्त्याने आधी श्रोत्यांचं मन जिंकावं, हा प्रस्तावनेचा पहिला धडा. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खोटं होतं असं मी मुळीच म्हणत नाही; ते कुठे बोलून दाखवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्याला ते परकं वाटलं नाही, कारण नवव्या अध्यायाच्या तोंडाशी अवधान मागणारे ज्ञानेश्वर आपल्या कानांत आधीच होते. दोन्ही परंपरा ओवीत भेटल्या. ओवी कागदावर ठेवायची नव्हतीच, चारचौघांत वाचायची होती.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे येतो. हेन्री पर्सेलच्या सतराव्या शतकातल्या ऑपेरात मरणाला टेकलेली नायिका डायडो विलाप करते. खाली खर्जात एक छोटी स्वरावली अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरते आणि संपली की पुन्हा तीच सुरू होते. डायडोची वाक्यं मात्र तिच्या मापात बसत नाहीत. खालची ओळ संपते तेव्हा हिचं बोलणं अर्ध्यावर असतं. दैव ठरल्या गतीने चाललं आहे आणि माणूस त्याला ओलांडून बोलतो आहे, असा हा युक्तिवाद आहे. पुढे स्मरण ठेवण्याची विनवणी येते, एकाच स्वरावर, पुन्हा पुन्हा. हे स्वर सारख्या वजनाने, सारख्या कंपाने गायले की सगळं मुसळ केरात. बुवा अभंगाचा एक चरण चार वेळा घोळवतात तेव्हा दर वेळी वेगळ्या शब्दावर भार देतात. पहिल्या खेपेला सांगतात, दुसऱ्या खेपेला विचारतात, पुढे कळवळतात. डायडोला तेच हवं आहे.

व्हिएन्नाच्या निकोलाउस हार्नोनकोर्टने विसाव्या शतकात संगीत हे बोलणं आहे, हा विचार पुन्हा जागवला. वादकांचे गज आखूड, अक्षरांसारखे पडू लागले. विरामाला किंमत आली. त्यानंतर मात्र वक्तृत्वातल्या अलंकारांच्या याद्या करण्याचं वेडही लागलं. उतरत्या सुरांना एक लॅटिन नाव, सुस्काऱ्याच्या विरामाला दुसरं. मला हा कारकुनी कारभार पसंत नाही. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीला यांतलं एकही नाव माहीत नसतं, तरी कुठे थांबायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी एक सूचना करतो. वाजवण्याआधी प्रत्येकाने आपली रचना कुणाला, काय पटवते आहे हे दोन मराठी वाक्यांत सांगावं. वाद्य नंतर उघडावं. समोर बसलेल्या भजनी मंडळींना ते पटलं नाही, तर त्यांनी तिथेच शंका काढावी.