तांबडी वाईन आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



‘तांबडी वाईन हृदयास हितकर असते’ हे विधान आज सुशिक्षित कुटुंबांतही प्रमाण मानले जाते. वडीलधाऱ्यांनी औषध म्हणून पेला हाती धरावा काय, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी उद्भवतो. त्याचा थोडा शास्त्रीय विचार करू.

या समजुतीचे माहेर फ्रान्स. लोणी व चीज मुबलक खाऊनही तेथे हृदयविकाराचे मृत्यू तुलनेने कमी आढळत. सर्ज रेनो व मिशेल द लोर्जेरील यांनी १९९२ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात याचा संबंध वाईनशी जोडला.

त्यास काही आधार आहे. द्राक्षाच्या सालीत व बियांत पॉलिफेनॉल नामक द्रव्ये असतात. तांबडी वाईन साली-बियांसकट आंबवितात, म्हणून तिच्यात ती अधिक उतरतात. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण झाले म्हणजे धमन्यांच्या भिंतींत थर साचू लागतो. परीक्षानळीत ही द्रव्ये त्या क्रियेस अटकाव करितात.

परंतु परीक्षानळी म्हणजे मनुष्यदेह नव्हे. यांतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचा बोलबाला फार. पण एका लिटर वाईनमध्ये ते अवघे काही मिलिग्रॅम असते. इटलीतील कियांती भागातील ७८३ वृद्धांची नऊ वर्षे पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की आहारातून मिळणाऱ्या या द्रव्याचा हृदयविकाराशी वा आयुर्मानाशी संबंध दिसत नाही.

बार्सिलोना येथील २०१२ सालचा प्रयोग तर अधिक उद्बोधक आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या ६७ पुरुषांना चार-चार आठवडे आळीपाळीने तांबडी वाईन, मद्यार्क काढून टाकलेली तीच वाईन आणि जिन देण्यात आली. रक्तदाब लक्षणीय उतरला तो केवळ मद्यार्करहित वाईनने! रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइडही तिनेच वाढला. अर्थात् गुण द्राक्षाचा, मद्याचा नव्हे.

मद्यार्काने रक्तदाब वाढतो, कर्करोगाचा धोका संभवतो. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, नाशिक-सांगलीची काळी द्राक्षे सालीसकट खावीत. मधुमेह्यांनी मात्र वैद्यांच्या सल्ल्याने. औषधाच्या नावाखाली व्यसनास उंबरठा ओलांडू देऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.