कीर्द रोजची, अभ्यासही रोजचा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणासारख्या विषयावर बोलण्यासाठी आपण एका कापड व्यापाऱ्यास उभे केले, याबद्दल मी ऋणी आहे. मी बी.कॉम. झालो, परंतु आयुष्य गेले ते मीटरपट्टी आणि वहीखाते यांच्या सहवासात. त्यामुळे मी उपदेश करणार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक आपणांपुढे ठेवणार आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा माझा नातू दुसरीत होता. बारापर्यंतचे पाढे त्याला मुखोद्गत होते. पुढे मोबाईलवर वर्ग भरू लागले. राज्य शासनाचा ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रमही सुरू झाला. प्रगतिपुस्तकावर उत्तम शेरे येत होते आणि आम्ही निश्चिंत होतो. २०२१ च्या दिवाळीत तो दुकानात येऊन बसला. ऐंशी रुपये मीटरचे सव्वादोन मीटर कापड मी फाडले आणि त्याला सहज रक्कम विचारली. त्याने मोबाईलकडे हात नेला. “आठ साती किती?” म्हटले, तर तो गप्प. मी रागावलो. तेव्हा तो हळूच म्हणाला, “आजोबा, तुम्ही कधी विचारलंच नाही.”

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. दुकानाची कीर्द एक दिवस लिहायची राहिली तर अस्वस्थ होणारा मी, घरातील हा हिशोब दीड वर्ष उघडूनही पाहिला नव्हता! आठवड्याभराची कीर्द एकदम लिहायला बसले की शिल्लक जुळत नाही. अभ्यासाचेही तसेच आहे.

मुंबईतील पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी भरले, जानेवारीत पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ रोजी उघडले. या खंडाचे परिणाम देशभर दिसले. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ साली आपल्याच मुंबईत सुरू झाली. तिच्या पुढाकाराने निघणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, ग्रामीण भारतात दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. महामारी नसतानाही मोठ्या सुटीत हीच झीज होते. अमेरिकेतील हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. उन्हाळी सुटीत मुले सरासरी महिनाभराचे शिक्षण मागे पडतात आणि आकडेमोड व शब्दलेखन यांत ही घसरण अधिक असते, असे त्यांना आढळले.

मग आम्ही घरी काय केले, ते सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. घाटकोपरच्या आपल्या घरांत मुलास स्वतंत्र खोली कोठून द्यावी? परंतु एक कोपरा आणि एक ठराविक वेळ देता येते. सामायिकाची ४८ मिनिटे आपणां सर्वांना परिचित आहेत. तेवढाच वेळ आम्ही सायंकाळी दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवू लागलो, मोठ्यांनीसुद्धा. लहान मूल मध्ये उठले तर उठू द्यावे, पण बैठक मोडू नये.

दुसरी गोष्ट उजळणीची. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन आणि दहा मिनिटे पाढे. ऐकणारा माणूस शिकलेलाच हवा असे नाही. आजीला धडा समजावून सांगताना मुलाला तो स्वतःला किती समजला आहे, हे कळते. दुधाचा हिशोब व किराण्याची यादी त्यालाच लिहू द्यावी.

तिसरी गोष्ट व्यवस्थेची. एका लहान वहीत तीन रकाने आखावेत: आज दिलेले, झालेले, राहिलेले. रात्री निजण्यापूर्वी ही ‘शिल्लक’ पाहावी आणि दप्तर मुलाने स्वतः भरावे, आईने नव्हे. मालकच खतावणी लिहीत बसला तर नवा मुनीम तयार कसा होणार? एखाद्या दिवशी वही विसरली, तर शाळेत बोलणी खाऊ द्यावीत. पुढच्या वेळी ती विसरत नाही.

पाढे परत यायला सुमारे तीन महिने लागले. मराठी वाचनाला त्याहून अधिक. थकबाकी एका हप्त्यात फिटत नसते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण तो धीर विसरतो आणि शिकवणीची फी भरून मोकळे होतो.

शेवटी विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, अशी घरे आपल्याही समाजात आहेत. तेथे शांत कोपरादेखील मिळत नाही. आपले सभागृह सायंकाळी दोन तास अभ्यासिकेसाठी खुले करावे. निवृत्त मंडळींनी आळीपाळीने तेथे बसावे. शिकवता आले नाही तरी ‘आज काय वाचलेस?’ एवढे विचारावे. आठवड्यातून दोन दिवस मी स्वतः येईन. जो प्रश्न मी दीड वर्ष विचारला नाही, तो आता रोज विचारण्याची माझी इच्छा आहे.